व्ही-क्रॉस, कॅम्पर आणि दुकानातली खताची पोती

वाचकाचं पत्र:

'नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. साडेचार एकर डाळिंब आहे, बाकी रानात ऊस आणि ज्वारी. गावात ठिबक आणि खतांचं लहान दुकानही आहे. आजवर जुन्या जीपवर भागवलं, पण आता ती मोडीत काढायची वेळ आली आहे. घरात आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मुलगी पुण्याला शिकते, त्यामुळे महिन्या-दीड महिन्याला तिकडे चक्कर होते. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप मनात भरली आहे. एकाच गाडीत घरही बसेल आणि मालही जाईल. पण पुतण्या म्हणतो, "काका, तो साचा जुना आहे. बाहेर देशात कधीच बदलला. एवढे पैसे घालून जुनं काय घेता?" धाकट्या भावाचं म्हणणं, बोलेरो कॅम्पर घ्या, निम्म्या पैशात काम होतं. गाडीसाठी आठ लाख रोख बाजूला काढले आहेत, बाकी कर्ज काढावं लागेल. शोरूमवाले म्हणतात, दोन दिवसांत बुकिंग केलं तर मोठी सूट. बागेच्या कामाला बायामाणसं आणायची असतात, ती मागे हौद्यात बसवली तर चालतात का, तेही सांगा.'

दादा, नमस्कार.

तुमच्या पुतण्याची माहिती खरी आहे, आधी ते मान्य करू. डी-मॅक्सचा हा साचा थायलंडमध्ये २०११ साली बाजारात आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथेच त्याची पुढची पिढी आली. आपल्याकडे व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली ती जुन्या साच्यावर, आणि अजूनही त्याच साच्यावर मिळते. आंध्रातल्या श्री सिटीच्या कारखान्यात ती बनते. म्हणजे तुम्ही नवी कोरी गाडी घेतली तरी तिचं दार, केबिन, चेसी यांचा आराखडा पंधरा वर्षांपूर्वीचा असणार.

पण पुतण्या ज्या कॅम्परकडे बोट दाखवत नाही, तिचं वय काय? बोलेरो २००० साली आली. तिच्या घराण्यातल्या पिकअप आणि कॅम्पर आजही त्याच वळणाच्या आहेत. टोयोटाची हायलक्स आपल्याकडे २०२२ मध्ये आली, तीही २०१५ च्या आराखड्यावर. टाटाची योद्धा आधीच्या झेनॉनवरून घडलेली. एकूण आपल्या बाजारात पिकअप घ्यायची तर साचा थोडाफार जुनाच मिळतो. तेव्हा साचा किती जुना, हा प्रश्न बाजूला ठेवू. त्या जुनेपणातलं तुमच्या उपयोगाचं काय आणि तुम्हाला नडेल ते काय, हे पाहू.

पिकअपचा मूळ सांगाडा जगभर अजून तोच आहे: खाली शिडीसारखी चेसी, वर वेगळी बसवलेली केबिन, मागे वजन पेलणारे पोलादी पाटे (लीफ स्प्रिंग). परदेशातल्या नव्या पिढीच्या डी-मॅक्सलाही मागे पाटेच आहेत, कारण वजन पेलायला पाट्याइतकी साधी आणि स्वस्त गोष्ट दुसरी नाही. नव्या पिढीत जे बदललं ते मुख्यतः केबिनच्या पोलादाची ताकद, टक्कर टाळायला मदत करणारे कॅमेरे-सेन्सर, आतली सजावट आणि आवाज. यातली सजावट सोडून द्या. पोलाद आणि टक्कर मात्र सोडून देण्यासारख्या गोष्टी नाहीत, त्यावर पुढे बोलतो.

जुन्या साच्याचा मोठा फायदा असा की त्याच्या खोडी सगळ्यांना ठाऊक झालेल्या असतात. कोणता बुश लवकर जातो, क्लच किती चालतो, पाट्यांत जादा पान कुठे टाकून घ्यावं, हे फिटर सांगू शकतो. बोलेरोच्या बाबतीत तर मोहोळ, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, कुठेही रस्त्यात गाडी उभी राहिली तर तिच्याशी हात बसलेला माणूस तासाभरात सापडतो, आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात. व्ही-क्रॉसचं तसं नाही. ती दणकट आहे, पण तिचे भाग कंपनीच्या वर्कशॉपमधूनच यायचे. म्हणून शोरूमची काच किती मोठी आहे ते पाहू नका. तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं वर्कशॉप कुठे आहे, तिथे दिवसाला किती डी-मॅक्स येतात, आणि क्लच प्लेट, समोरचा शॉकअब्सॉर्बर, बाजूचा आरसा या तीन वस्तू आज शेल्फवर आहेत का, हे स्वतः जाऊन विचारा. 'मागवून देऊ' असं उत्तर आलं तर किती दिवसांत, ते विचारा. हंगामात गाडी आठ-दहा दिवस उभी राहणं तुम्हाला परवडत नाही.

आता एक गैरसमज. जुना साचा म्हणजे जुनं, साधं इंजिन, असं पुष्कळ लोक धरून चालतात. ते आता राहिलेलं नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं नवं मानक आलं, एप्रिल २०२३ पासून त्याचा आणखी कडक टप्पा लागू झाला. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं इंजिन १६३ अश्वशक्तीचं आहे, ते याच नियमांसाठी बसवलं आहे. आधीच्या २.५ लिटरपेक्षा ते आकाराने लहान आणि ताकदीने मोठं. कॅम्परचं २५२३ सीसीचं इंजिन ७५ अश्वशक्तीच्या आसपास. ते जुन्या घराण्यातलं असलं तरी धूर स्वच्छ करायची यंत्रणा त्यालाही लावावी लागली. या दोन्ही प्रकारांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ म्हणतात ती. गाडी चांगली तापून एकसारखी पळाली की साठलेली काजळी आतल्या आत जळून जाते. गाडी घर ते रान, रान ते दुकान अशी दोन-दोन किलोमीटर हळू फिरत राहिली तर ती जळत नाही, साठत जाते, मग दिवा लागतो, ताकद पडते आणि शेवटी वर्कशॉप गाठावं लागतं.

तुमचं रोजचं फिरणं नेमकं असंच आहे. म्हणून कोणतीही गाडी घेतलीत तरी आठवड्यातून एकदा तिला पुणे हायवेवर घेऊन एका गतीने वीस-तीस मिनिटं सलग पळवा, आणि तो दिवा लागल्यावर 'बघू पुढे' म्हणू नका. कॅनमधलं, कुठून आलं माहीत नसलेलं डिझेल घालू नका. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच घाला, जीपला चालत होतं ते नाही. जीपला चालणाऱ्या पुष्कळ गोष्टी या इंजिनांना चालणार नाहीत. घरातले सगळे जण गाडी चालवत असतील तर त्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

आता ज्या मुद्द्यावर माझा निर्णय ठरतो तिकडे येतो. तुमच्या पत्रात कोणीही तो काढलेला नाही, पुतण्याने नाही, भावाने नाही आणि शोरूमवाल्यानेही नाही.

व्ही-क्रॉस आपल्याकडे खासगी गाडी म्हणून, पांढऱ्या पाटीवर नोंदली जाते. तिचा हौदा मोठा दिसतो आणि तिची चेसी खरोखरच वजन पेलणारी आहे. पण कागदावर तिला जे वजन वाहायची परवानगी आहे ते काही शे किलोंत असतं, टनात नाही. हायलक्सचंही तेच. आता तुमच्या दुकानाचा हिशेब करा. डीएपीचं पोतं ५० किलोचं, युरियाचं ४५ किलोचं. डीएपीची दहा पोती टाकली की अर्धा टन झाला, म्हणजे व्ही-क्रॉसची मर्यादा तिथेच संपली, आणि अजून केबिनमध्ये माणसं बसायची आहेत. डाळिंबाचे वीस किलोचे क्रेट धरले तर पन्नास क्रेटचा एक टन. गाडी ते ओढेल. तिला त्याची मुळीच तक्रार नसेल. तक्रार आरटीओची असेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये पडतात. त्याहून वाईट म्हणजे, त्या अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

आणि दुकानाचा माल म्हणजे धंद्याचा माल. घरच्या रानातली चार पोती आणणं वेगळं, आणि विकायचं खत खासगी विम्याच्या गाडीतून रोज वाहणं वेगळं. अशा वेळी दावा अडला तर तुमच्या हातात काही राहत नाही. व्ही-क्रॉस घ्यायचीच ठरवलीत तर विमा उतरवण्याआधी कंपनीला लेखी विचारा: दुकानाचा माल नेला तर संरक्षण राहील का? तोंडी 'हो हो, चालतंय' यावर विसंबू नका.

कॅम्परचं उलट आहे. ती मालवाहू म्हणून, पिवळ्या पाटीवर नोंदली जाते. पाच माणसांची केबिन आणि मागे एक टन, हे दोन्ही तिच्या कागदावर लिहिलेलं असतं. इसुझूच्याच घरात डी-मॅक्स एस-कॅब नावाची गाडी आहे. व्ही-क्रॉसचा तोच जुना साचा, आत दोन रांगा, पण इंजिन जुनं २.५ लिटरचं, ताकद व्ही-क्रॉसच्या निम्म्याहून कमी, आणि कागदावर साधारण एक टन. कॅम्परहून ती महाग आणि बसायला बरी. तुमच्या पत्रात तिचं नाव नाही. शोरूमवाल्याने दाखवली नसेल तर मागून पाहा.

पिवळ्या पाटीला लोक घाबरतात, त्यातली निम्मी भीती आता उरलेली नाही. वेगळा लायसन्स लागेल का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. आरसीवर एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परमिटही लागत नाही. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं फिटनेसची चिंता नाही, नंतर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग. हे काम कटकटीचं आहे, खोटं कशाला सांगू, आणि थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही वेगळा लागतो. शिवाय मालवाहू गाडीचा वेग ताशी ८० ला बांधलेला असतो. पुणे हायवेवर बसगाड्या बाजूने निघून जातील आणि तुम्ही ८० वर. सवय करावी लागेल.

पुण्याच्या चकरेचं मात्र माझं सरळ मत आहे. महिन्या-दीड महिन्यातून एका फेरीसाठी तेराएक लाख जादा घालू नका. सोलापूरहून पुण्याला हुतात्मा एक्सप्रेस आहे, इंद्रायणी आहे, फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे. तुमच्या आईंना डबल केबिन पिकअपच्या मागच्या सीटवर चार तास बसवण्यापेक्षा रेल्वे कितीतरी सोयीची. या सगळ्या पिकअपच्या मागच्या सीटची पाठ ताठ असते, कारण हौद्याला जागा सोडायला केबिन आखूड करावी लागते. जुन्या साच्यात हे आणखी जाणवतं. आणि पाऊल टाकायची उंची! गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती चढण म्हणजे दरवेळी दोघांचा आधार. आईंना शोरूममध्ये नेऊन बसवून पाहा, आणि नुसतं बसवून थांबू नका, मोहोळपर्यंत एक चक्कर मारून आणा. उतरल्यावर त्या काय म्हणतात ते ऐका.

सुरक्षिततेवर जुन्या साच्याची बाजू दुबळी आहे, आणि इथे तुमचा पुतण्या बरोबर आहे. प्रवासी मोटारींना पुढच्या दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या आहेत. मालवाहू पिकअप त्या नियमात येत नाहीत. त्यामुळे कॅम्पर किंवा एस-कॅब घेताना नेमक्या व्हेरियंटला एअरबॅग आहेत का, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आहे का, मागच्या प्रत्येक सीटला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा, हे कोटेशनवर लिहून घ्या. व्ही-क्रॉस यात नक्कीच पुढे आहे. तिच्या वरच्या व्हेरियंटला सहा एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा आहे, खालच्याला एअरबॅग कमी. 'व्ही-क्रॉसला सहा एअरबॅग असतात' असं ऐकून खालचं व्हेरियंट घेऊन येणारे लोक असतात.

कोणतीही पिकअप रिकामी चालवताना एक लक्षात ठेवा. मागचे पाटे टनाच्या हिशेबाने कडक केलेले असतात. हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी पडतात, खड्ड्यावर उडतात, आणि पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर मागचा भाग बाजूला सरकू पाहतो. तुळजापूरच्या घाटात उतरताना हे फार जपावं लागतं. जीप चालवणाऱ्याला वाटतं, मला सगळं माहीत आहे. पण पिकअपचं रिकामपण वेगळं असतं, पहिले काही आठवडे हात राखूनच चालवा. चाचणी घेतानाही रिकाम्या गाडीवर समाधान मानू नका. गावात कोणाची ना कोणाची कॅम्पर असेलच; माल भरलेला असताना तिच्यात बसून सोलापूरच्या बाजार समितीपर्यंत जाऊन या. चढाला ती किती दमते आणि उतरणीला ब्रेक किती वेळ घेतात, ते कळेल.

एसीचं विचारलं नाहीत, पण सांगतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तो साडेतीन टनांवरच्या गाड्यांना. तुमच्या आकाराच्या पिकअपला नाही. त्यामुळे कॅम्परची बिनएसी व्हेरियंटही मिळते आणि किंमत पाहून मोह होतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, आणि मुलांना घेऊन जायचं आहे. एसी घ्याच. नंतर बाहेरून बसवलेला एसी इंजिनवर आणि वायरिंगवर भार टाकतो, त्या वाटेला जाऊ नका.

फोर बाय फोरबद्दल तुम्ही लिहिलं नाही, तरी शोरूममध्ये ते समोर ठेवलं जाणार. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते, मग चारही चाकं फिरली तरी ती गुळगुळीतच फिरतात. फोर बाय फोरने मदत होते, पण वाटते तितकी नाही. बागेपर्यंतची वाट किती लांब आहे? दोन-तीनशे मीटर असेल तर त्या व्हेरियंटच्या जादा पैशांतून मुरूम टाकून वाट पक्की करून घ्या. ती वाट ट्रॅक्टरलाही उपयोगी पडेल, व्यापाऱ्याच्या गाडीलाही. आणि सीना नदीच्या भागातल्या तुमच्यासारख्यांना वेगळं सांगायला नको, २०२५ च्या सप्टेंबरात पाणी कुठवर आलं होतं. वाहत्या पाण्यात कोणतीच पिकअप घालायची नाही, मग ती फोर बाय फोर असो वा तिच्या जाहिरातीत नदी असो.

व्ही-क्रॉस सव्वापाच मीटरहून लांब आहे. घरची शेड मोजा. सोलापुरात नवी पेठेत किंवा मंगळवार पेठेत माल उतरवायला जाता का? तिथे ही गाडी वळवताना रडकुंडीला याल.

पैशांचं बोलू. व्ही-क्रॉसच्या चांगल्या व्हेरियंटची रस्त्यावरची किंमत पंचवीस लाखांच्या पुढे जाते. तुमचे आठ लाख वजा केले तर सतराएक लाखांचं कर्ज. व्याज १० टक्के आणि मुदत ५ वर्षं धरली तर लाखामागे महिना साधारण २,१२५ रुपये हप्ता बसतो. सतरा लाखांचे ३६ हजार. कॅम्परला फार तर चार लाख कर्ज काढावं लागेल, त्याचे साडेआठ हजार. फरक महिन्याला सत्तावीस हजारांहून जास्त, वर्षाला सव्वातीन लाखांच्या पुढे.

ही रक्कम तुमच्या साडेचार एकर डाळिंबावर ठेवून पाहा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, आपलं फळ उत्तम आहे. पण तेल्या रोग आला की बागेचं काय होतं हे तुम्ही मला शिकवाल. एक बहार हातचा गेला तरी बँकेचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारच. दुकानाचं उधारीचं चक्र त्यात वेगळं. लोक पेरणीला खत नेतात आणि पैसे ऊस गेल्यावर देतात. छत्तीस हजारांचा हप्ता अशा घरात बसला की गाडी दारात चांगली दिसते आणि झोप जाते. साडेआठ हजारांचा हप्ता वाईट वर्षातही निघतो. कर्ज कोणतंही काढलंत तरी बँकेला विचारा, हप्ता सहा महिन्यांनी किंवा बहारानंतर बांधून मिळेल का? शेतकऱ्याला ही सोय काही बँका देतात, मागितली तरच.

म्हणून माझं उत्तर: व्ही-क्रॉस घेऊ नका. साचा जुना आहे म्हणून मी हे सांगत नाही. तुमचं काम मालाचं आहे, आणि त्या गाडीच्या कागदाला माल पेलत नाही. दुकान नसतं, डाळिंबाचा सौदा बागेतच करून व्यापारी आपल्या गाडीतून फळ नेत असता, आणि कर्ज पाच-सात लाखांचंच असतं, तर मी पुतण्याला समजावलं असतं की काकांना घेऊ दे, वीस वर्षं चालेल अशी गाडी आहे. तुमच्या परिस्थितीत एसीची कॅम्पर, किंवा एस-कॅब. या दोहोंतलं कोणतं, ते वर्कशॉप ठरवेल. इसुझूचं वर्कशॉप सोयीच्या अंतरावर असेल, भाग शेल्फवर असतील, आणि दोन-तीन लाख जादा निघत असतील तर एस-कॅब. केबिन शांत, बसणं बरं. नाहीतर कॅम्पर, निःशंक.

शोरूमच्या दोन दिवसांच्या सवलतीला बळी पडू नका. ज्या गाडीचा साचा जुना आहे आणि मागणी मर्यादित आहे, तिच्यावर सूट या महिन्यात आहे तशी पुढच्या महिन्यातही असते. बोलणी कराल तेव्हा गाडीवरच्या पट्टीवर बनवल्याचा महिना आणि वर्ष वाचा. यार्डात उभी राहिलेली गेल्या वर्षीची गाडी असेल तर सूट दुप्पट मागायचा तुम्हाला हक्क आहे, कारण विकताना तुमचं एक वर्ष आधीच गेलेलं असेल. सूट रोखीत घ्या, सीट कव्हर आणि क्रोमच्या पट्ट्यांत नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. कॅम्पर-एस-कॅबच्या कोटेशनवर १८ च लावलाय ना, तेवढं पाहा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. हौद्यात माणसं बसवू नका. पाच मिनिटांचं अंतर असलं तरी नको, 'सगळेच बसवतात' तरीही नको. हौद्याला पट्टा नाही, छत नाही, धरायला फाळक्याची कड. चालकाने कुत्र्यासाठी ब्रेक दाबला तरी मागची बाई रस्त्यावर फेकली जाते, आणि आपल्या जिल्ह्यात मजुरांच्या गाड्या उलटल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. आरसीवर जितक्या सीट आहेत तितकीच माणसं विम्यात धरली जातात; हौद्यातल्या बाईला काही झालं तर तिच्या घरच्यांना विम्याचा आधार मिळेलच असं नाही, आणि जबाबदारी गाडीमालक म्हणून तुमच्यावर येते. पण पैशाचं सोडा. त्या बाया तुमच्या बागेत वर्षानुवर्षं फळं तोडतात, त्यांची मुलं तुमच्या मुलांबरोबर शाळेत आहेत. कॅम्परच्या केबिनमध्ये चालकासह पाच जण बसतात. दहा जणी आणायच्या तर तीन फेऱ्या करा, किंवा त्या दिवसांपुरती प्रवासी परवान्याची गाडी भाड्याने सांगा. तो खर्च तोडणीच्या खर्चात धरा.

जुन्या जीपचं राहिलं. ती गावातल्या भंगारवाल्याला देऊन मोकळं होऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिलीत तर ठेव प्रमाणपत्र मिळतं, आणि नव्या गाडीच्या मोटार वाहन करात त्यावर सवलत मिळते. किती मिळेल ते सोलापूरच्या आरटीओ कार्यालयात नव्या गाडीची नोंदणी करण्याआधीच विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. आणि जीपची आरसी रद्द झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत तिची नंबरप्लेट आणि चेसी नंबरचा तुकडा त्या केंद्राखेरीज कोणाच्या ताब्यात देऊ नका.